पोरांच्या तोंडाला ऊन लागत नाही का?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला थांबा आणि टू-व्हीलरवाल्यांकडे नीट बघा. मुलीने स्कार्फ असा गुंडाळलेला असतो की गॉगलशिवाय काही दिसत नाही. हातात कोपरापर्यंत मोजे. आणि मागे बसलेला तिचा मित्र? हाफ टी-शर्ट, उघडं तोंड, कपाळावर घाम. ऊन दोघांवर सारखंच पडत असतं. पण 'काळी पडशील' हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं असतं फक्त तिने.

तिच्यावरचं ते दडपण चुकीचंच आहे. त्यावर बरंच लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं, आणि स्वतःहून विचारायची त्याला लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, मुलांची स्किन वेगळीच असते ना! असते की. वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतं, तेलग्रंथी जोरात कामाला लागतात, म्हणून मुलांचा चेहरा जास्त तेलकट. त्वचाही साधारण वीसेक टक्के जाड. विशीच्या आतले पिंपल्स मुलांना जास्त जोरात येतात, तर पंचविशीनंतरही पिंपल्स पिच्छा सोडत नाहीत ते जास्त करून मुलींचा. वांगही बायकांमध्ये जास्त, कारण त्यात हार्मोन्सचा हात असतो. आणि दाढी! रोज ब्लेड फिरवलं की केस आत वळतात, गळ्यावर लाल पुरळ उठतं. झाला फरक सांगून. यात 'पुरुषांना ऊन बाधत नाही' असं कुठे आलं का? जाड कातडी म्हणजे काही छत्री नव्हे.

दुकानातलं शेल्फ मात्र वेगळंच सांगतं. एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला काळं-निळं. काळ्या ट्यूबवर 'कोळसा', 'बर्फ', 'पॉवर' असले शब्द, जणू तोंड धुवायचं नसून गाडीचं इंजिन धुवायचंय. एकदा दोन्ही ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ज्याचं प्रमाण जास्त ते घटक यादीत आधी लिहिलेले असतात. बऱ्याचदा पहिली चार-पाच नावं तीच निघतात. फरक असतो वासाचा आणि थंडगार वाटणाऱ्या मेंथॉलचा. सनस्क्रीनचा एसपीएफ तर बाई-पुरुष बघून बदलतच नाही.

ही विभागणी काही आपोआप झालेली नाही. गोरं करणारी क्रीम आपल्याकडे 1975 पासून बायकांना विकली गेली. मुलंही तीच लपूनछपून लावतात हे कंपन्यांनी हेरलं आणि 2005 मध्ये 'फेअर अँड हँडसम' आलं. जाहिरातीचा सूर साधारण असा, की काय रे, पोरींची क्रीम लावतोस? म्हणजे गोरं व्हायची हौस चालेल, डबा तेवढा मर्दानी हवा! 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'ने नावातलं 'फेअर' काढलं, पुरुषांसाठी 'ग्लो अँड हँडसम' आणलं, तर 'हँडसम' शब्द कुणाचा यावरून दोन कंपन्या कोर्टात गेल्या. आमच्या तोंडाची किंमत कळली ती अशी.

हसू येतं, पण यातूनच पुढचा घोळ होतो. आमच्या रूमवरचा एक जण पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर. पिंपल्स आणि टॅनने वैतागला होता. आईला सांगणं शक्य नाही, बहिणीची क्रीम लावली तर वर्षभर चिडवतील, स्किनच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे 'बायकी' काम. मग गेला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. तिथून एक छोटी, स्वस्त ट्यूब मिळाली. आठवड्यात पिंपल्स बसले, चेहरा उजळला. आम्ही सगळ्यांनी नाव विचारून घेतलं, हे कबूल करतो.

ती ट्यूब स्टेरॉइडची होती. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून चेहरा झटपट साफ दिसतो. पण त्वचा हळूहळू पातळ होत जाते. चार महिन्यांनी त्याने ट्यूब थांबवली आणि तोंड नुसतं पेटलं. लालबुंद चेहरा, पूर्वीपेक्षा जास्त फोड, उन्हात दोन मिनिटं उभं राहवेना. ग्राउंड बंद. पुन्हा लावली की बरं वाटायचं, सोडली की पुन्हा आग. शेवटी डॉक्टरकडे गेलाच, आणि ते चक्र तुटायला कित्येक महिने गेले.

यातली बरीच स्टेरॉइड क्रीम 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही जाणताच. म्हणून तीन नावं लक्षात ठेवा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ट्यूबवर यातलं एकही दिसलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर ती तोंडाला लावू नका. गजकर्णासाठी मित्राने दिलेल्या ट्यूबमध्येही बऱ्याचदा हेच असतं, आणि त्याने गजकर्ण दबून आणखी पसरतो. (हॉस्टेलवाल्यांनो, टॉवेलही आपापले वापरा.)

मुलींनो, हसू नका. पार्लरमधून बिनलेबलची 'स्पेशल' डबी आणणाऱ्या तुमच्यातही आहेत. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांवर परिणाम झाला आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला, ही बातमी 2023 च्या सुरुवातीची आहे. आणि एकोणिसाव्या वर्षी सुरकुत्यांची सीरम कशाला लागते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खरं तर लागतं ते थोडकं आणि दोघांनाही सारखंच. साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन, तेही पुरेसं, नखावर मावेल एवढं नाही. दाढीवाल्यांनी ब्लेड वेळेवर बदलायचं आणि केसांच्या दिशेने फिरवायचं. दिवाळीत पहाटे उटणं लावताना आपण कधी विचारलं होतं का, हे बायकांचं की पुरुषांचं?

रूममेट आता ग्राउंडला जाताना सनस्क्रीन लावतो. ट्यूब मात्र कपाटात, जीन्सच्या घडीमागे लपवलेली असायची. गेल्या सोमवारी मी ती काढून आरशासमोरच्या फळीवर ठेवली. त्याने आधी शिव्या घातल्या. शनिवारी बघितलं तर ट्यूब निम्मी चपटी झालेली. रूमवर आम्ही चौघं राहतो.