भात्याची मोटार

दिवाळीच्या अंकात मोटारीचे इंजिन कशाला, असे या सदराच्या काही वाचकांना, विशेषतः वाचक भगिनींना, वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. ज्या घरात आठवडाभर अनारशाच्या पिठाची नि चकलीच्या भाजणीची चर्चा चालते, त्या घराला ही हकीकत मुळीच परकी वाटणार नाही.

अमेरिकेत ‘ड्रॅग रेस’ नावाची एक शर्यत असते. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि सरळ रस्त्यावरचे पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जी गाडी आधी पार करील ती जिंकली. वळण नाही, फेरे नाहीत. चांगल्या गाडीला दहाअकरा सेकंद पुरतात; प्रेक्षकाने नाक शिंकरायला रुमाल काढला तर शर्यत हुकलीच म्हणून समजा! ही हौस मूळची दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवरची. जुन्या फोर्ड गाड्यांचे अनावश्यक पत्रे काढून तरुण पोरे तेथे त्या पिटाळीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पिटाळणी गावच्या रस्त्यांवर आली आणि पोलिसांची डोकेदुखी झाली. मग १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन करून या वेडाला नियमांची वेसण घातली. १९६३ साली झेंडा हलवणाऱ्या माणसाच्या जागी दिव्यांचा खांब आला. त्याला ते लोक ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात.

मध्यंतरी मुलीकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहण्याचा योग आला. शेजारी अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ राहत. उभा जन्म लेथवर काढलेला, बोलणे मोजके, कपाळावर कायम आठी. आमच्या एका मामांची हुबेहूब मूर्ती, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणू लागलो. या तात्यांनी आपल्या गॅरेजमध्ये सहा वर्षे खपून एक मोटार जोडली होती. वरचे अंग १९३४ सालच्या फोर्डच्या घाटाचे, आतले इंजिन शेवरोलेचे, आठ सिलिंडरांचे, ३५० घन इंचांचे. आणि त्या इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेट कापून बाहेर काढलेला, एक भला थोरला सुपरचार्जर.

सुपरचार्जर म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर लोहाराचा भाता. ही उपमा माझी नव्हे, इतिहासच तसा आहे. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० साली एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि ते पुढे ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालण्यासाठी वापरात आले. जनरल मोटर्सने १९३८ पासून आपल्या ‘७१’ जातीच्या डिझेल इंजिनांवर तसाच भाता बसवला. ७१ हा आकडा एका सिलिंडरच्या घन इंचांचा. सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा भाता तो ‘६-७१’. ट्रक, बस आणि युद्धातल्या सैनिक उतरवणाऱ्या नावा यांवरची ही इंजिने पुढे भंगारात आली, आणि हौशी मंडळींनी त्यांचे भाते उचलून आपल्या पेट्रोलच्या इंजिनांवर चढवले. तात्यांचा भाता त्याच घराण्यातला.

आता यातली खुबी पाहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. साधे इंजिन तेवढ्या दाबाची हवा आपल्या श्वासाने ओढून घेते. तात्यांचा भाता आणखी आठ पौंडांचा दाब घालून ती आत कोंबतो, म्हणजे जवळजवळ दीडपट हवा. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून शक्ती जास्त. हिशेब इतका सोपा असता तर मोठा भाता घेणारा प्रत्येक जण अजिंक्य झाला असता!

अडचण अशी की दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाला ठिणगीची वाट पाहण्याइतका दम नसतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपण होऊन भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. हे हातोडीचे घाव सोसता सोसता अॅल्युमिनियमचा पिस्टन काही सेकंदांत नादुरुस्त होऊ शकतो. म्हणून भाता बसवला की बाकी सर्व गोष्टींत हात आखडता घ्यावा लागतो. एरवी दहास एक या प्रमाणात मिश्रण दाबणारे पिस्टन काढून तात्यांनी आठास एकचे घातले होते. ठिणगी थोडी उशिरा पाडायची. आणि पेट्रोल गरजेहून जास्त द्यायचे. पुरते जळण्यासाठी पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात (आकडा दाबाचाच वाटतो, पण तो योगायोग). तात्या बाराच्या खाली ठेवीत. जादा पेट्रोलची वाफ होताना आतला ताप उतरतो.

या साऱ्याचा मेळ घालणे म्हणजे ट्यूनिंग. तंबोरा लावणाऱ्याला जसे तार कोठवर पिळायची ते कानाने कळते, तसे येथे डोळ्यांनी कळावे लागते. गाडी पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद करायचे, गाडी तशीच घरंगळत थांबू द्यायची, आणि स्पार्क प्लग काढून भिंगाखाली ‘वाचायचे’. चिनी माती काजळलेली तर पेट्रोल फार. पांढरी फटक तर कमी. आता संगणकाला जोडलेले संवेदक हेच काम करतात. तात्यांकडेही तो होता, तरी ते भिंग सोडायला तयार नसत.

त्यांचा दुसरा नेम असा की एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत टिपायचा. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना त्यांच्याविषयी एकाएकी आदर वाटू लागला. “अनारसे हसले म्हणजे पीठ, तूप नि आच तिन्ही एकदम बदलणाऱ्या बायका मी पाहिल्यात,” त्या म्हणाल्या, “त्यांना उभ्या जन्मात अनारसा येत नाही.”

पुढे एकदा तात्यांबरोबर बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसोच्या धावपट्टीवर गेलो. हौशी लोकांचा दिवस होता. अकरा सेकंदांच्या आत यायचे, ही तात्यांची सहा वर्षांची आस. नातू मुद्दाम कॉलेज बुडवून आला होता. भर उन्हातल्या पहिल्या फेरीला ११.२१ सेकंद, दुसरीला ११.०८. ऊन उतरले, गार वारा सुटला. गार हवा दाट असते. इंजिनाला ती मानवते. तिसरी फेरी ११.०२! आजूबाजूचे लोक तात्यांची पाठ थोपटू लागले. अजून एका फेरीला वेळ होता, आणि हवा आणखी गार होत होती.

तात्यांनी प्लग काढले. सातव्यापाशी ते थांबले. भिंग माझ्या हाती दिले. पांढऱ्या चिनी मातीवर सुईच्या टोकाएवढे चकाकते ठिपके होते. दाट हवेला दुपारचे पेट्रोल अपुरे पडले होते.

“आणखी एकच फेरी, आजोबा,” नातू कळवळून म्हणाला.

“या ठिपक्यांत माझा पिस्टन आहे,” तात्या म्हणाले, आणि गाडी ट्रेलरवर चढवू लागले.

तो निग्रह स्वस्त नव्हता. दोन वर्षांपूर्वी पिस्टनला भोक पडून त्यांची वर्षाची शिल्लक गेली होती. शिवाय पैशापलीकडचेही भय असते. भात्यात पेट्रोलमिश्रित हवा भरलेली असते. ज्वाला उलटी फिरली तर तो बॉम्बसारखा फुटतो. म्हणून वेगवान गाड्यांचे भाते जाड पट्ट्यांनी बांधून ठेवतात. १९७० साली लॉन्ग बीच येथे डॉन गार्लिट्स या नामांकित शर्यतपटूच्या पायाशी गिअरचा भाग फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा तुकडा गेला. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवणारी गाडी बांधली, आणि तीच रीत पुढे रूढ झाली.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडले. सातव्या पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. भोक पडायला फारसा अवधी उरला नव्हता. नातू बराच वेळ तो पिस्टन हातात फिरवीत बसला. काही बोलला नाही.

आम्ही परतल्यावर वसंत ऋतूत तात्यांचे पत्र आले. पिस्टन नवा घातला होता. पण खरी बातमी पुढे होती. भात्याची पुली मोठी करून त्यांनी तो मंद केला, दाब आठावरून सहा पौंडांवर आणला. मग ठिणगी पूर्वीच्या जागी नेता आली. त्यानंतर पेट्रोल वाढवले. तीन बदल, तीन वेगवेगळ्या दिवशी. गाडी नातवाने चालवली होती. वेळ १०.९६ सेकंद. भाता कमी फुंकूनही गाडी अधिक पळाली, याचा तात्यांना कोण आनंद!

तेव्हा भगिनींनो, यंदा अनारसे हसलेच तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहून ठेवा. सर्वांना दिवाळी सुखाची जावो.