मधुमेह आणि फुप्फुसें
मधुमेह हा साखरेचा विकार. फुप्फुसांशीं त्याचा काय संबंध, असें पुष्कळांस वाटतें. सन २०२० च्या कोरोना-साथीनें तो संबंध उघड केला. रक्तांत साखर वाढलेली राहिली कीं रोगाशीं झुंजणाऱ्या पेशी दुबळ्या होतात, फुप्फुसांची सूज आवरत नाहीं व प्राणवायु कमी पडतो. डेक्सामेथासोन अशा वेळीं तारक ठरलें खरें. पण तेंच साखर वाढवितें! प्राणवायूची गरज नसतां कांहींनीं तें घरच्या घरीं घेतलें, हा निव्वळ अविचार होय. २०२१ सालीं महाराष्ट्रांत काळ्या बुरशीनें ग्रासलेले बहुतेक रोगी मधुमेहीच होते. सारा दोष विषाणूवर ढकलणें आम्हांस मान्य नाहीं. आपणांस मधुमेह आहे हेंच कित्येकांना रुग्णालयांत कळलें. विद्यार्थिमित्रहो, वडील तुम्हांला परीक्षेचे गुण विचारतात. त्यांच्या रक्तांतील साखरेचा आंकडा तुम्हीं कधीं विचारला आहे काय?