पदवी साहित्याची, लेखणी कोरडी

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एक मुलगी आली. मराठी हा विषय घेऊन ती एम्. ए. झालेली, वर्गही पहिला. एका नव्या कादंबरीवर लिहिलेलें परीक्षण तिनें आमच्या हातीं ठेविलें. व्यक्तिचित्रण ठसठशीत, वातावरणनिर्मिति प्रभावी, भाषा ओघवती, अशा शब्दांनीं चार पानें भरलीं होतीं. कादंबरीचें नांव काढून तेथें दुसरें कोणतेंही घातलें असतें, तरी एक अक्षर बदलावें लागलें नसतें. "तुला स्वतःला ही कादंबरी आवडली काय?" असें आम्हीं विचारलें. ती गोंधळली. पांच वर्षांत हा प्रश्न तिला कोणी केलाच नव्हता. बोलतां बोलतां असेंही कळलें कीं, या पांच वर्षांत तिनें लिहिलेलें एकही पान कोणी दुरुस्त करून तिच्या हातीं परत दिलें नव्हतें. उत्तरपत्रिका गेली, गुण आले, व्यवहार संपला.

दोष त्या मुलीचा नाहीं. आमचा आरोप विद्यापीठांतील साहित्यशिक्षणावर आहे. तें साहित्याविषयीं बोलावयास शिकवितें. वाचावयास व लिहावयास शिकवीत नाहीं. मूळ ग्रंथ कपाटांत राहतो आणि मार्गदर्शिका पाठ होते. याला अपवाद असलेले अध्यापक आहेत, आणि त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु अपवादांवर शिक्षणाचा गाडा चालत नाहीं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : प्रतिभा ही जन्मजात, लेखक घडवितां येत नाहीं. असें म्हणणारे गृहस्थ आपल्या मुलीस गाणें शिकण्यास खुशाल गवयाकडे पाठवितात. गळा उपजत असला तरी पलटे घोटावे लागतात, हें त्यांस मान्य. लेखणीला मात्र रियाज नको! आमच्या पूर्वजांची समजूत इतकी भोळी नव्हती. 'काव्यप्रकाशां'त मम्मटानें शक्ति, लोक-शास्त्र-काव्य यांच्या अवलोकनानें येणारी निपुणता, आणि काव्य जाणणारांच्या हाताखालीं केलेला अभ्यास, हीं तिन्ही मिळून काव्याचें एकच कारण मानिलें. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त कवीच्या दिवसाची प्रहरवार आंखणीच करून दिली. अकराव्या शतकांतील क्षेमेंद्र तर 'कविकंठाभरणां'त नवशिक्यास बजावतो कीं, कोरडा तार्किक किंवा निव्वळ वैयाकरण यांस गुरु करूं नको. काव्यहेतूंवर आमच्या परीक्षांत प्रश्न विचारले जातात. त्यांपैकीं तिसऱ्या हेतूची, अभ्यासाची, सोय मात्र वर्गांत नसते.

दुसरा आक्षेप असा कीं, लेखनाचे वर्ग हें पाश्चात्त्यांचें खूळ आहे. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत १९३६ सालीं लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. इंग्लंडांत ईस्ट अँग्लिया विद्यापीठांत १९७० मध्यें माल्कम ब्रॅडबरी व अँगस विल्सन यांनीं तसाच वर्ग काढला. इयन मॅकइवन हा तेथील पहिला विद्यार्थी. २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळविणारा काझुओ इशिगुरो हाही तेथलाच. वर्गानें यांस प्रतिभा दिली असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. असे वर्ग एकाच सांच्याचें लेखन काढतात, ही तक्रार त्या देशांतही ऐकूं येते, आणि ती अगदींच खोटी नाहीं. परंतु दोन गोष्टी अशा वर्गांत निश्चित मिळतात : ठरल्या दिवशीं कांहीं तरी लिहून आणण्याची सक्ति, आणि तें मन लावून वाचणारीं चार माणसें. आमच्या विद्यार्थ्यास या दोहोंपैकीं एकही मिळत नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. नारायण सुर्वे गिरणगांवांत वाढले, आणि १९६६ च्या आपल्या संग्रहास त्यांनीं 'माझे विद्यापीठ' हें नांव दिलें. मग वर्ग हवे कशाला? आमचें उत्तर असें कीं, शाळा या दोघांनाही होती; ती चार भिंतींची नव्हती इतकेंच. एकीपाशीं जात्यावरच्या ओवीची परंपरा होती, दुसऱ्यापाशीं कामगारांची चळवळ होती, आणि दोघांनाही ऐकणारे कान होते. ज्या घरांतलें जातें थांबलें, ज्या शहरांतले गिरण्यांचे भोंगे मुके झाले, तेथल्या मुलानें ती शाळा आतां कोठें शोधावी?

आमची मागणी मोठी नाहीं. साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आठवड्यास एक पान लिहावें. अध्यापकानें तें दुरुस्त करून परत द्यावें. विद्यार्थ्यानें तें पुन्हां लिहावें. आणि सत्रांत एक तरी ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गांत वाचला जावा. कोणी विचारील, हें करणार कोण? तासिका तत्त्वावर नेमलेला, दोन महाविद्यालयांमध्यें धांवणारा अध्यापक साठ मुलांचीं पानें तपासणार कधीं? हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचें उत्तर अध्यापकाजवळ नाहीं, सरकारजवळ आहे : रिकाम्या जागा भरा. २०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपुरास मराठी भाषेचें विद्यापीठ निघालें, आनंद आहे. त्याच रिद्धपुराशीं ज्याचें नांव निगडित आहे त्या म्हाइंभटानें तेराव्या शतकांत चक्रधरांच्या आठवणी, ज्यांस त्या ठाऊक होत्या त्यांना विचारून विचारून, गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. ज्या भाषेचें आद्य गद्य अशा चौकस लेखणीनें लिहिलें, त्या भाषेच्या पदवीधरानें मार्गदर्शिका उतरवून काढावी, यापरतें दैन्य तें कोणतें?

त्या मुलीचें परीक्षण आम्हीं छापलें नाहीं. "पुस्तक वाचतांना तुला काय वाटलें, तेवढेंच एका पानांत लिहून आण," असें सांगून परत दिलें. पंधरा दिवसांनीं ती आली. पान अडखळत लिहिलेलें होतें, दोन ठिकाणीं व्याकरणही चुकलें होतें; पण कादंबरीच्या नायिकेवर ती रागावली होती, आणि कां रागावली तें सांगत होती. पांच वर्षांत न झालेलें पंधरा दिवसांत झालें, यांत आमचा मोठेपणा कांहीं नाहीं. विद्यापीठाची लाज मात्र आहे. ज्या आईबापांचीं मुलें यंदा साहित्य हा विषय घेणार असतील, त्यांनीं शुल्क भरण्यापूर्वीं महाविद्यालयास एवढेंच विचारावें : "आमच्या मुलानें लिहिलेलें येथें वाचणार कोण?"