मान खाली घातलेली बाई कुणाच्या सोयीची?



बिडी कामगार महिलांच्या मेळाव्यासाठी आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी पोस्टर बनवलं. काळ्या, तुटक रेघांतली बाई. जमिनीवर बसलेली, गुडघे पोटाशी, मान खाली, केस मोकळे. चेहरा नाहीच. "एक्स्प्रेशनिस्ट स्टाइल आहे, केटे कोलविट्झसारखी," असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही ते पोस्टर छापू दिलं नाही. काही मित्र नाराज आहेत, म्हणून हे लिहितो आहोत.

कोलविट्झचं नाव घेतलंत, तर तिचं चित्रही नीट बघा. १९०९ सालचं 'हाइमआर्बाइट', म्हणजे घरी बसून केलेली मजुरी. बाई बसल्या जागी टेबलावर डोकं टाकून झोपली आहे. रेघा कोळशाच्या, जाड, दमलेल्या. पण टेबल आहे, आणि चित्राच्या नावातच तिचं काम आहे. ती का थकली हे विचारावं लागत नाही. कोलविट्झचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका तिने वर्षानुवर्षं पाहिल्या, ऐकल्या.

आमच्या पोस्टरवरच्या बाईकडे ना सूप, ना तेंदूपत्ता, ना कात्री. तिचं काम पुसलं आणि नुसतं दुःख ठेवलं. असं दुःख कुणालाही चालतं. कारखानदाराच्या दिवाणखान्यातही ते फ्रेम करून लावता येईल.

"मग दुःख दाखवायचंच नाही का?" दाखवा की! १९०६ साली बर्लिनमध्ये घरकामगारांच्या मजुरीवर प्रदर्शन भरलं. त्याच्या पोस्टरवर कोलविट्झने थकलेल्या कामगार बाईचा चेहरा काढला. ती पोस्टरं हटवल्याशिवाय आपण येणार नाही, असं जर्मनीच्या सम्राज्ञीने सांगितलं. चित्राची खरी परीक्षा ही. आमच्या पोस्टरमुळे कुणाची झोप उडणार होती?

आणि याच कोलविट्झने शेतकऱ्यांच्या उठावावरच्या मालिकेत दोन्ही हात उंचावून जमावाला पुढे ढकलणारी काळी आना काढली. ती आपल्याला पाठमोरी, कारण तिचं तोंड लढाईकडे आहे. ते चित्र आमच्या ग्रुपवर कधी फिरलेलं आठवत नाही. आपल्याला बसलेली, खचलेली बाईच का आवडते? सवर्ण कलाविश्वाने दलित बाईला 'पीडिता' या एकाच पोझमध्ये बसवलं आहे. तीच पोझ आपण आपल्या हाताने काढायची?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसे दागिने घालू नका. आपण कसे दिसतो हा त्यांच्यासाठी राजकारणाचा प्रश्न होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो बायका आल्या, ठराव झाले. त्याही बसल्याच होत्या की, मंडपात! बसण्याला आमचा विरोध नाही.

पोस्टर काढणाऱ्या पोराचा हात चांगला आहे, हे मान्य. त्याला आम्ही वस्तीतल्या एका मावशींकडे पाठवलं. दुपारभर तो त्यांच्या उंबऱ्यात बसला. नवीन रेखाटनात मावशी बसलेल्याच आहेत, मांडीवर सूप, बोटांत अर्धी वळलेली बिडी, नजर थेट समोर. खाली हजार बिड्यांमागे किती मजुरी हवी, तो आकडा मोठ्या अक्षरात. मावशींनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक माझं एवढं मोठं नाही रे. आकडा मात्र अजून मोठा कर."