उडी कोणाची?

'क्रॅश बँडिकूट ४ : इट्स अबाउट टाइम' हा गेम ऑक्टोबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला. १९९६ ते १९९८ या काळातले मूळ तीन भाग नॉटी डॉगचे. हा चौथा टॉइज फॉर बॉब या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओचा. त्याची कथा तिसऱ्या, म्हणजे 'वॉर्प्ड' या भागानंतर सुरू होते आणि मधल्या काळात इतरांनी केलेले भाग बाजूला ठेवते.

अशा प्लॅटफॉर्म गेममध्ये सगळा खेळ उडीवर चालतो. पात्र किती उंच जाते, किती वेगाने खाली येते, कडेवर पाय टिकतो की घसरतो, हे खेळणाऱ्याच्या बोटांना पाठ झालेले असते. म्हणूनच मालिका हाती घेणाऱ्या स्टुडिओची खरी परीक्षा पात्रांच्या रंगरूपात नसून इथे असते. ट्रॅव्हलर्स टेल्सच्या 'द रॅथ ऑफ कॉर्टेक्स'ने (२००१) 'वॉर्प्ड'ची वाहने आणि एकूण साचा उचलला, पण उडीला नवे काम दिले नाही. २०१७मध्ये व्हिकेरियस व्हिजन्सने जुने तिन्ही गेम नव्याने बांधले, तेव्हा मालिकेचा नायक क्रॅश याची हाताळणी 'वॉर्प्ड'च्या अंगाने ठेवली. लेव्हल मात्र जुन्याच मापाच्या राहिल्या. पहिल्या भागातला 'द हाय रोड'चा तुटका पूल त्यामुळे पूर्वीपेक्षा अवघड झाला.

टॉइज फॉर बॉबने उडीचा प्रश्न मुळापासून हाताळला. क्रॅश बहुतेक वेळा पडद्याच्या आत धावतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. त्यावर उपाय म्हणून तो हवेत असताना खाली पिवळे वर्तुळ दिसते. पाय तिथेच पडणार. क्रॅशला खास शक्ती देणारे चार नवे मुखवटेही उडीभोवतीच रचले आहेत. एक वस्तू प्रकट करतो आणि अदृश्य करतो, दुसरा वेळ मंद करतो, तिसरा गुरुत्वाकर्षण उलटवतो, चौथ्यामुळे क्रॅश गरगरत दूरवर तरंगत जातो. ओळखीच्याच उडीतून नवे कोडे काढण्याची ही रीत या गेमचे सर्वांत मोठे यश आहे.

लेव्हलमध्ये फोडायच्या पेट्यांबाबत मात्र तोल सुटला. लेव्हल लांबलचक आहेत आणि काही पेट्या कॅमेऱ्याच्या नजरेआड लपवल्या आहेत. सर्वोच्च मानासाठी एकदाही न मरता सगळ्या पेट्या फोडाव्या लागतात. अशा ठिकाणी उडीचे कौशल्य मागे पडते आणि केवळ पाठांतर उरते.