दुपारचे एक दूध

नाशिकच्या सराफ बाजारात, मेन रोडवर किंवा रविवार कारंजाच्या परिसरात ज्यांची घरची दुकाने आहेत, त्या कुटुंबांत सूनबाईने हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणे आता नवलाचे राहिलेले नाही. बाळ पाच महिन्यांचे होते, दिवाळीचा हंगाम तोंडावर येतो आणि ‘आता बाळाला बाटली लावा’ असा निर्णय घरात सहज होऊन जातो. बाळाला मात्र तो कोणी कळविलेला नसतो. बाटली तोंडाशी येताच ते जिभेने निपल बाहेर ढकलते, मान फिरविते आणि आकांत मांडते. घरातील मोठी माणसे त्याला हट्टी ठरवितात. वास्तविक तो हट्ट नव्हे. आईला पिताना जीभ व जबडा ज्या रीतीने चालतो, ती रीत रबरी निपलला लागू पडत नाही. नवी क्रिया शिकण्यास काही बाळांना दोन दिवस पुरतात, तर काहींना दोन-तीन आठवडेही लागतात. म्हणून तयारी दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी सुरू व्हावी.

प्रारंभी बाटली आईने देऊ नये. आईचा गंध जवळ असताना बाळ दुसरे काही का स्वीकारील? आजी, आत्या, बाबा यांपैकी कोणीही बाळाला मांडीवर उभट धरावे आणि आईने त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे. आजोबांनीही हे करण्यास हरकत नाही; पेढीवर दिवसभर गिऱ्हाइकाची मनधरणी करणाऱ्यास हे काम जड जाऊ नये. बाळ भुकेने कळवळत असताना नव्हे, तर थोडीशी भूक लागली असताना प्रयत्न करावा. बाटली जवळजवळ आडवी धरावी, मधूनमधून थांबावे. दहा मिनिटांत नाही जमले तर सोडून द्यावे. बळजबरीने बाटलीची धास्तीच बसते. निपलला साखर लावण्याचा मोह टाळावा. मध तर जैन घरात वर्ज्यच आहे आणि एक वर्षाच्या आतील बाळाला तो वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचा आहे.

एका वेळी एकच दूध बदलावे, शक्यतो दुपारचे. पहाटेचे व रात्रीचे आईपाशीच राहू द्यावे. सारी वेळापत्रके एकदम मोडली, तर दूध साठून छाती दगडासारखी होते, ताप येतो आणि त्रास आईला भोगावा लागतो.

बाटलीत प्रथम आईचेच काढलेले दूध असावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासह दोन वर्षे व त्यानंतरही स्तनपान, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुकानात जाणाऱ्या आईसही ते शक्य आहे. उकळलेल्या पाण्याची काळमर्यादा श्वेतांबर घरांत सर्वांना पाठ असते. उन्हाळ्यात ती अधिक, पावसाळ्यात कमी. दुधाचे गणित उलट आहे. काढलेले दूध साधारण गारव्यात चार तास टिकते, वैशाखाच्या उकाड्यात मात्र ते थेट फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत वापरावे. गॅसवर न तापविता कोमट पाण्यात भांडे ठेवून ऊब द्यावी. बाळाचे उष्टे उरलेले दूध पुन्हा ठेवू नये. पावडरचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे आणि ते पातळ करण्याची काटकसर तर मुळीच करू नये. गाईचे दूध पहिल्या वर्षी आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही.

बाटलीच हवी, असेही नाही. जुन्या घरांच्या फडताळांत चांदीचे बोंडले अजून सापडते. वाटी-चमचा किंवा बोंडले घासून स्वच्छ करणे सोपे. बाटलीच्या निपलमध्ये दुधाचा थर दडून बसतो, म्हणून ती दर वेळी धुऊन उकळावी लागते. सहा महिने उलटलेले बाळ बाटली वगळून थेट लहान पेल्याकडेही वळू शकते. दिवसभरात लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी झाली किंवा बाळ मलूल दिसले, तर मात्र प्रयोग थांबवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

ज्यांचे औषधांचे दुकान आहे, त्यांनी १९९२ चा कायदाही ध्यानी ठेवावा. दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाची पावडर व बाटल्या यांची जाहिरात करण्यास, त्यांचे मोफत नमुने वा भेटी देण्यास त्यात मनाई आहे.

आणखी एका कायद्याची आठवण येथे करून देणे अवघड वाटले, तरी आवश्यक आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी देण्याची तरतूद तर १९६१ पासूनची आहे. घरच्या पेढीवर बसणाऱ्या सुनेचे नाव हजेरीपटावर नसते. तिची रजा सासऱ्यांच्या व पतीच्या समजुतीवर ठरते. दुपारी एक ते तीन गल्ल्यावर दुसऱ्या कोणी बसावे, ती घरी जाऊन यावी, एवढी सोय झाली तर निम्म्या घरांत बाटलीचा प्रश्नच उरणार नाही. दूरच्या घरी जाणे जमत नसेल, तर दुकानाच्या माडीवर एक पडदा, एक खुर्ची आणि दूध काढून ठेवण्यास छोटा फ्रिज, इतके पुरते.