वर्धापनदिनाला तालुक्याचा हिशोब

१७ सप्टेंबर जवळ आला की आपल्या भागातली वर्तमानपत्रे दोन गोष्टींनी भरून जातात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण ही एक आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा वर्धापनदिन ही दुसरी. या आठवड्यातही गौरव, पुरस्कार आणि सत्कारमूर्ती यांच्याच बातम्या वाचायला मिळाल्या. ज्यांनी आयुष्यभर शिकवले, संशोधन केले, संस्था उभ्या केल्या, त्यांचा सत्कार झालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण विद्यापीठाचे यश म्हणजे त्यातल्या वीस-पंचवीस मोठ्या माणसांचे यश, हा समज या बातम्यांमुळे दरवर्षी थोडा आणखी घट्ट होतो, आणि मला तो घातक वाटतो.

हे विद्यापीठ का निघाले, ते आठवून पाहावे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे मुख्यतः हैदराबाद आणि तेही बहुतांशी उर्दूतून. पोलीस कारवाईनंतर १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, पण ते तेव्हाच्या औरंगाबादला. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची तर किनवटच्या किंवा देगलूरच्या मुलाला तिथवर जावे लागे. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि साहेब रजेवर असले तर पुन्हा तीच वारी. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, डॉ. जनार्दन वाघमारे पहिले कुलगुरू झाले आणि विष्णुपुरीच्या माळावर परिसर उभा राहिला. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्या छत्राखाली आले. म्हणजे विद्यापीठ जवळ आणले ते दूर राहणाऱ्यांसाठी. मग त्याचे यशही दूर राहणाऱ्यांपाशीच मोजायला हवे.

लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले. बारावीला चांगले गुण मिळवलेली, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पुढे आलेली मुले पुण्या-मुंबईला जातात. त्यांचे फोटो चौकाचौकांत लागतात, आणि लागू द्यावेत. पण जी मुले जात नाहीत किंवा जाऊच शकत नाहीत, ती उमरी, मुखेड, कंधार, अहमदपूर, जिंतूर इथल्या महाविद्यालयांत बीए, बीकॉम, बीएस्सीला बसतात. घरातला पहिला पदवीधर बहुतेक वेळा याच बाकांवर घडतो. विष्णुपुरीच्या परिसरातली संकुले हा विद्यापीठाचा मान आहे; पण त्याचा मोठा संसार या संलग्न महाविद्यालयांत आहे, आणि सत्काराच्या व्यासपीठावर तोच सर्वांत कमी दिसतो.

इथे आपल्या उमरीचा विषय काढणे भाग आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. ही गोष्ट आपल्याकडे धाडसाची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातला मोठेपणा पुढे आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. हाती आलेल्या लाखो रुपयांचा या माणसांनी चोख हिशोब ठेवला. रझाकारांची दहशत, सरहद्दीवरचे कॅम्प, उद्या जिवंत राहू की नाही याची खात्री नाही. अशा वेळी हिशोब मागायला कोण येणार होते? तरी तो ठेवला, कारण पैसा लोकांचा होता. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ होते, आणि विद्यापीठाने नाव घेतले आहे ते त्यांचेच. तेव्हा वर्धापनदिनी सत्काराच्या आधी हिशोब व्हावा, ही मागणी बाहेरून लादलेली नाही. या नावाबरोबर ती आपोआपच येते.

हिशोब कसला? तालुक्यागणिक मुला-मुलींचा. पहिल्या वर्षाला किती आले, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला किती बसले, पदवी किती जणांच्या हाती पडली आणि मधे कोण गळाले. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. हिवाळी सत्राची परीक्षाही त्याच सुमारास येते. कोयता घेऊन गेलेल्या मुलाचा पेपर बुडतो, एटीकेटी लागते, पुढच्या वर्षी फॉर्मच भरला जात नाही. मुलीचे शिक्षण तर गावातून सकाळी एसटी आहे की नाही यावर ठरते. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, ही मोठी सोय. पण गाडीच आली नाही तर सवलत कशाला लावायची? अशी गळती एका तालुक्यात जास्त आणि शेजारच्या तालुक्यात कमी दिसली, तर परीक्षेचे वेळापत्रक, वसतिगृह, कमवा आणि शिका योजना यांचे निर्णय अंदाजाने घ्यावे लागणार नाहीत.

यावर कुणी म्हणेल की वार्षिक अहवाल असतोच. असतो; कायद्याने तो अधिसभेपुढे जातो. पण अधिसभेपुढे ठेवलेला अहवाल आणि पालकांना कळेल असा हिशोब यांत फरक आहे. दुसरे म्हणणे असे की एवढी माहिती गोळा कोण करणार. ती गोळा झालेलीच आहे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक मिळतो आणि निकालापर्यंत तोच चालतो. पहिल्या वर्षाची यादी तिसऱ्या वर्षाच्या यादीशी जुळवून पाहायची, एवढेच काम उरते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: नुसत्या पदव्या वाढवून काय करायचे, नोकऱ्या कुठे आहेत? हा प्रश्न खरा आहे, आणि गुणवत्तेची काळजीही खरी आहे. पण पदवी घेतलेली मुले पुढे कुठे गेली याची नोंद नसेल, तर अभ्यासक्रमात काय कमी पडते हे कळणार कसे? गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी तर हा हिशोब सर्वांत आधी मागायला हवा. राहिली बदनामीची भीती. गळतीचा आकडा सांगितला म्हणून विद्यापीठ लहान होत नाही. इथली गरिबी, इथला दुष्काळ विद्यापीठाने निर्माण केलेला नाही. उलट आकडा हाती असला तर शासनाकडे वसतिगृह मागताना कुलगुरूंचा आवाज चढा राहील.

म्हणून पुढच्या १७ सप्टेंबरला पुरस्कार जरूर द्यावेत, पण त्याआधी कुलगुरूंनी उभे राहून सांगावे: उमरी तालुक्यातून तीन वर्षांपूर्वी इतक्या मुली पदवीला आल्या, इतक्या पूर्ण करून बाहेर पडल्या, इतक्या राहिल्या. मग किनवट, मग औंढा, मग जळकोट. आकडे लहान असले तरी चालतील. ते वाढवायला विद्यापीठाच्या, महाविद्यालयांच्या आणि आपल्या सर्वांच्या हाताशी पुढचे अख्खे वर्ष असेल.